काळी माती, खोल तळ आणि इप्नॉपिडी कुळाचा इतिहास

सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आणि कोकणच्या किनाऱ्यापासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरहून अधिक आत वसलेले आहे. या परिसरातला पाऊस इतका बेभरवशाचा आहे की जिल्ह्याचा इतिहास लिहिताना पाण्यापेक्षा पाण्याच्या टंचाईचाच उल्लेख अधिक वेळा करावा लागतो. अशा जिल्ह्यातील वाचकाला समुद्राच्या तळाशी, हजारो मीटर खोलीवर, कायमच्या अंधारात राहणाऱ्या माशांच्या एका कुळाचा इतिहास परका वाटणे स्वाभाविक आहे. तथापि हा परकेपणा बराचसा नकाशा अर्धवट वाचल्याने आलेला आहे, कारण भीमेचा प्रवाह जिल्ह्याची सीमा ओलांडल्यावर कोठे जातो आणि आपल्याबरोबर काय नेतो, याचा माग शेवटपर्यंत काढला तर तो बंगालच्या उपसागरात, नेमका अशा माशांच्या मुलखाच्या दिशेने उतरतो. शिवाय हिंदुस्थानभोवतालच्या पाण्यात या माशांचा शोध ज्या जहाजाने घेतला ते मुंबईच्या गोदीत बांधलेले होते, आणि ज्या प्राणिशास्त्रज्ञाने त्यांतल्या काही जातींना नावे दिली तोही मुंबईतच जन्मला होता. मराठी मुलखाचा सागरी इतिहास गड, गुराबे, गलबते आणि बंदरांची जकात येथवर येऊन थांबतो. तो पाण्याखाली, तळापर्यंत न्यावा, एवढ्यासाठी हा विषय येथे घेतला आहे.

प्राणिशास्त्रात जवळच्या जातींचा समूह म्हणजे वंश, जवळच्या वंशांचा समूह म्हणजे कुळ आणि कुळांचा समूह म्हणजे गण, अशी चढती मांडणी केली जाते. इप्नॉपिडी हे ऑलोपिफॉर्मिस या गणातील एक लहानसे कुळ असून त्यात बॅथिटेरॉइस, इप्नॉप्स, बॅथिमायक्रॉप्स, बॅथिटिफ्लॉप्स अशा थोड्याच वंशांचा समावेश होतो. यांतला बॅथिटेरॉइस हा वंश सर्वांत विलक्षण आहे. माशांच्या परांना आधार देणाऱ्या काड्यांना अर म्हणतात. बॅथिटेरॉइसच्या पुष्कळ जातींत पोटाखालच्या दोन परांचा एकेक अर आणि शेपटीच्या पराचा खालचा अर कमालीचे लांब व ताठ वाढतात, आणि या तीन टोकांवर भार देऊन मासा तिवईसारखा चिखलावर उभा राहतो. बॅथिटेरॉइस ग्रॅलाटॉर या जातीत शरीराची लांबी तीस-चाळीस सेंटिमीटरच्या आसपास असताना हे अर मीटरभर लांब होऊ शकतात. मासा प्रवाहाकडे तोंड करून निश्चल उभा राहतो, छातीजवळच्या परांचे लांब अर डोक्यावरून पुढे पसरतो, आणि प्रवाहाबरोबर वाहत येणारे कोपेपॉडसारखे बारीक कवचधारी जीव त्यांना लागले की ते टिपतो. त्याचे डोळे अगदी लहान असतात. दृष्टीचे काम येथे स्पर्शाकडे गेलेले आहे. पाठलाग करून भक्ष्य मिळवणे ज्या ठिकाणी परवडत नाही, तेथे एका जागी उभे राहून वाट पाहणे ही उपजीविकेची रीत झाली, आणि चिखलापासून काही अंतर वर राहिल्याने प्रवाहाचा अधिक वेगवान थर माशाच्या वाट्याला आला.

इप्नॉप्स या दुसऱ्या वंशाची गोष्ट डोळ्यांचीच आहे. या माशाच्या चपट्या डोक्यावर पारदर्शक हाडाखाली दोन फिकट, रुंद पट्ट असतात आणि नेहमीचे गोल डोळे मुळीच दिसत नाहीत. एकोणिसाव्या शतकातील संशोधकांनी हे पट्ट म्हणजे प्रकाश देणारे अवयव असावेत असे मानले, आणि हे मत बराच काळ टिकले. डेन्मार्कच्या गॅलाथिया या जहाजाने १९५० ते १९५२ या काळात केलेल्या जगप्रदक्षिणेत मिळालेले नमुने तपासून ओले मुंक या डॅनिश संशोधकाने १९५९ साली दाखवून दिले की ते डोळ्याच्या आतले दृष्टिपटलच आहे. भिंग नाहीसे झाले आहे आणि पटल पसरट होऊन डोक्याच्या माथ्यावर आले आहे. अशा डोळ्याला आकृती दिसत नाही, परंतु वरून येणारी मंद चमक कळू शकते. या कुळातील मासे उभयलिंगीही आहेत, म्हणजे एकाच माशात अंडाशय आणि वृषण दोन्ही एकाच वेळी कार्यक्षम असतात. विस्तीर्ण तळावर जातभाईशी गाठ पडणे दुर्मीळ असल्याने भेटलेला प्रत्येक मासा जोडीदार ठरू शकावा, ही सोय त्यामागे असल्याचे मानले जाते.

खोल समुद्रात जीवसृष्टीच नसते, अशी समजूत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विद्वानांतही होती. एडवर्ड फोर्ब्स याने १८४३ साली सुमारे ३०० फॅदमखाली प्राणी संपतात असे अनुमान मांडले होते. (फॅदम म्हणजे सहा फूट, दोन्ही हात पसरून दोर मोजण्याचे हे माप मराठीत वाव म्हणून रूढ आहे, आणि कोळी व खलाशी पाण्याची खोली वावांतच सांगत आले आहेत.) समुद्राखालच्या तारांना चिकटून वर आलेल्या प्राण्यांनी आणि नॉर्वेच्या किनाऱ्यावरील जाळ्यांनी हे अनुमान खोटे ठरवले, आणि अखेर चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाच्या १८७२ ते १८७६ या मोहिमेने खोल समुद्र हा अभ्यासाचा स्वतंत्र प्रांत म्हणून प्रस्थापित केला. बॅथिटेरॉइस आणि इप्नॉप्स हे दोन्ही वंश चॅलेंजरच्याच नमुन्यांवरून ब्रिटिश म्युझियमच्या अल्बर्ट गुंथर याने १८७८ साली वर्णिले. परंतु चॅलेंजर केप ऑफ गुड होपवरून केरग्युलेन बेटे आणि दक्षिणेकडील बर्फाची कड गाठून ऑस्ट्रेलियाकडे गेले. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर त्याच्या वाटेवर आलेच नाहीत. त्यामुळे जगातील सर्वांत गाजलेल्या सागरी मोहिमेच्या अहवालांत हिंदुस्थानभोवतालचे खोल पाणी कोरेच राहिले, आणि ती रिकामी जागा भरण्याचे काम येथल्या एका लहान जहाजाकडे आले.

त्या जहाजाची पार्श्वभूमी मुंबईची आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून मुंबईत तळ असलेल्या इंडियन नेव्हीने तांबडा समुद्र, इराणचे आखात आणि पश्चिम किनारा यांचे नकाशे मोठ्या कष्टाने तयार केले होते. १८६३ साली ते नौदल बरखास्त झाले आणि सर्वेक्षणाचे काम थांबले. त्याचे दुष्परिणाम जहाजवाहतुकीला जाणवू लागल्यावर १८७४ साली मरीन सर्व्हे ऑफ इंडिया हे खाते स्थापन झाले, आणि त्याच्यासाठी १८८१ साली मुंबईच्या गोदीत इन्व्हेस्टिगेटर हे जहाज बांधले गेले. १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्यापासून या गोदीत जहाजबांधणीची पारशी कारागिरांची परंपरा चालत आली होती. ब्रिटिश आरमारासाठी सागवानी युद्धनौका तेथेच बांधल्या गेल्या होत्या. इन्व्हेस्टिगेटर त्या परंपरेच्या उतरत्या काळातले, सुमारे ५८० टनांचे, दोन बाजूंना चाके असलेले लाकडी वाफेचे जहाज होते. त्याचे मुख्य काम किनारे मोजण्याचे आणि खडक-उथळे नोंदवण्याचे. तळ खरवडून प्राणी गोळा करण्याचे काम सवडीने, मोजणीच्या जागा बदलताना करायचे होते. जगाच्या विज्ञानात या जहाजाला जे स्थान मिळाले ते या फावल्या वेळच्या कामामुळे मिळाले, ही गोष्ट खात्यांचे अंदाजपत्रक आखणाऱ्यांनी आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जहाजावर एका शल्यचिकित्सक-निसर्गवैज्ञानिकाची नेमणूक असे; म्हणजे खलाशांच्या प्रकृतीची जबाबदारी आणि प्राण्यांचा अभ्यास ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे असत. जी. एम. जाइल्स यांच्यानंतर १८८८ साली या जागेवर आलेले आल्फ्रेड विल्यम अल्कॉक हे या इतिहासातील मध्यवर्ती व्यक्तिमत्त्व होय. त्यांचा जन्म १८५९ साली मुंबईत झाला; वडील जहाजाचे कप्तान होते. घरची आर्थिक स्थिती खालावल्यामुळे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना तरुणपणीच हिंदुस्थानात परतावे लागले. वायनाडचे मळे, कालिकत, पुरुलिया येथे चहामळ्यांसाठी मजूरभरती, दार्जिलिंगच्या शाळेत शिक्षकी अशी नाना कामे करून ते ॲबर्डीनला वैद्यक शिकण्यास गेले, आणि १८८५ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. ज्याच्या शिक्षणाची वाट इतकी वेडीवाकडी होती, त्या माणसाने १८८८ ते १८९२ या चारच वर्षांच्या समुद्रप्रवासांत हिंदी महासागरातील खोल पाण्याच्या माशांच्या अभ्यासाचा पाया घातला. १८९३ साली ते कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक झाले, आणि जहाजावरील त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी पाठवलेले नमुनेही त्यांच्याच हाताखालून गेले. त्यांचा खोल समुद्रातील माशांचा वर्णनात्मक सूचिग्रंथ १८९९ साली कलकत्त्यात आणि प्रवासांचा वृत्तांत १९०२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला.

काम कसे चाले हे समजल्याखेरीज या माशांचे मोल कळणार नाही. प्रथम पोलादी तारेला वजन बांधून खोली मोजली जाई. तागाच्या जाड दोराऐवजी बारीक तार वापरण्याची पद्धत त्या काळी नुकतीच रुळली होती आणि तिच्यामुळे तासन्‌तासांचे काम पुष्कळ आटोक्यात आले होते. मग ॲगासिझच्या पद्धतीचे जाळे तळाशी सोडले जाई. या जाळ्याची चौकट दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने ते तळावर कोणत्याही कुशीवर पडले तरी तोंड उघडेच राहते, आणि जाळे पालथे पडल्याने दिवस वाया जाण्याचा धोका टळतो. हजार वावांच्या खोलीवर एक ओढ घेणे म्हणजे खोलीच्या दुपटीहून अधिक लांबीचा तारदोर सोडणे, जहाज अगदी मंद गतीने चालवणे आणि पुन्हा सगळा दोर वाफेच्या रहाटावर गुंडाळणे. एवढ्यात दिवसाचा मोठा भाग संपे. जाळे वर आले की त्यातून मणावारी चिखल निघे आणि तो चाळणीतून पाण्याने धुऊन त्यातले प्राणी वेचावे लागत. तिवईसारखे उभे राहणाऱ्या माशाचे लांब अर या प्रवासात मोडण्याची भीती सर्वाधिक असे. म्हणूनच हे अर उभे राहण्यासाठी आहेत हे नमुना हातात असूनही त्या पिढीला खात्रीने सांगता येण्यासारखे नव्हते. ती खात्री १९५०च्या दशकात एफएनआरएस-३ या फ्रेंच खोलसमुद्री पाणबुडीच्या खिडकीतून मासा प्रत्यक्ष तळावर उभा दिसला तेव्हा पटली.

या कामात हात असलेल्या सर्वांची नावे इतिहासाने सारख्या मापाने जपलेली नाहीत. अल्कॉक यांनी १८८९ साली बॅथिटेरॉइसच्या एका जातीला गुंथरचे नाव दिले. पुढे १८९२ व १८९६ साली त्यांनी याच वंशातील इन्सुलारम आणि ॲट्रिकलर या आणखी दोन जातींचे वर्णन केले. तळाशी राहणाऱ्या दुसऱ्या एका कुळातील माशांना त्यांनी जहाजाचे कप्तान हॉस्किन, म्युझियमचे वुड-मेसन आणि खुद्द इन्व्हेस्टिगेटर जहाज यांची नावे दिली. परंतु रहाट फिरवणारे, दोर सांभाळणारे आणि चिखल धुणारे हात हिंदी खलाशांचे होते. रॉयल इंडियन मरीन या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या दलात खलाशांची भरती प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून होत असे, आणि कोकणातील दर्यावर्दी घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या दलात गेल्या. या विज्ञानातला त्यांचा वाटा शास्त्रीय नावांत उमटला नसला, तरी तो मान्य केल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिक होत नाही. त्यामानाने चित्रकारांना अधिक न्याय मिळाला. इन्व्हेस्टिगेटरच्या प्राण्यांच्या चित्रांचे संच १८९२ पासून प्रसिद्ध होऊ लागले, आणि त्यांतील पुष्कळशा चित्रपृष्ठांवर ए. सी. चौधरी व एस. सी. मोंडल या बंगाली कलावंतांच्या सह्या आहेत. मद्यार्कात ठेवलेल्या माशाचा रंग उडतो आणि अंग आक्रसते. पुढील शंभर वर्षे संशोधकांनी जातींची ओळख पटवण्यासाठी या चित्रांचा आधार घेतला, तो त्यांच्या रेषेच्या काटेकोरपणामुळेच.

कलकत्त्याच्या संग्रहालयात जमलेला हा ठेवा १९१६ साली स्थापन झालेल्या झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाकडे आला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने या संस्थेचे संग्रह बनारसला हलवण्यात आले, आणि १९४३ साली वरुणा नदीला आलेल्या पुरात त्यांची मोठी हानी झाली. समुद्राच्या तळातून इतक्या सायासाने वर काढलेले नमुने एका लहान नदीच्या पुरात सापडावेत, ही या इतिहासातील सर्वांत खेदजनक घटना होय. नव्या जातीचे वर्णन ज्या मूळ नमुन्यावरून केलेले असते त्याला प्ररूप म्हणतात. प्ररूप नष्ट झाले की नावाचा अंतिम पुरावाच जातो, आणि पुढच्या प्रत्येक वादात छापील वर्णन व चित्र यांवरच भिस्त ठेवावी लागते.

आता भीमेकडे वळणे आवश्यक आहे. सोलापूर जिल्ह्याची जमीन ज्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनली, त्यातून तयार होणाऱ्या काळ्या मातीत स्मेक्टाइट गटातील चिकणखनिजाचे प्रमाण फार मोठे असते. हे खनिज पाणी शोषून फुगते आणि वाळल्यावर आक्रसते; उन्हाळ्यात शेतांना ज्या खोल भेगा पडतात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ज्या बुजतात, त्या या गुणामुळेच. पावसाळ्यात हीच माती ओढ्यांतून सीनेत आणि भीमेत येते. सीना भीमेला जेथे मिळते त्या हत्तरसंग कुडलच्या संगमावर शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे, आणि त्या शिलालेखाच्या कितीतरी आधीपासून प्रत्येक पुरात येथून गढूळ पाणी पुढे जात आलेले आहे. भीमा रायचूरच्या उत्तरेस कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात उतरते. उपसागराच्या तळावरील गाळाचे पृथक्करण करणाऱ्या भूवैज्ञानिकांना असे आढळले की उत्तरेकडील आणि मध्य भागातील गाळात गंगा-ब्रह्मपुत्रेने आणलेली हिमालयीन खनिजे प्रबळ आहेत, तर पश्चिमेकडील, आंध्रच्या किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात स्मेक्टाइट प्रबळ आहे, आणि त्याचा उगम दख्खनच्या काळ्या मातीत आहे. गोदावरी आणि कृष्णा या दोन नद्यांनी ते तेथवर नेले आहे.

पूर्व किनाऱ्याची रचना या प्रवासाला अनुकूल आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ, पाण्याखाली बुडालेल्या जमिनीला भूखंडमंच म्हणतात, आणि त्याच्या कडेपासून तळ जेथे झपाट्याने खाली जातो त्या भागाला खंडान्त उतार म्हणतात. कृष्णा-गोदावरीच्या मुखांसमोर हा मंच अरुंद असल्याने नद्यांचा बारीक गाळ उतारावरून खोल पाण्यात सहज पोचतो. इन्व्हेस्टिगेटरने ज्या ठिकाणी जाळी टाकली त्यांत कृष्णा आणि गोदावरी यांच्या मुखांसमोरील उतारांचा समावेश होता, आणि त्या पाण्यातून आलेल्या माशांच्या वर्णनांत मऊ चिखलाच्या तळाचा उल्लेख येतो. तो चिखल केवळ सोलापूरचा आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण त्यात मराठवाडा, अहिल्यानगर, विजापूर, कलबुर्गी अशा विस्तीर्ण प्रदेशाचा वाटा आहे. परंतु त्यात भीमाखोऱ्याचा वाटा निश्चित आहे. अल्कॉक यांच्या काळी सोलापूरजवळचा एकरूखचा तलाव, ज्याला लोक हिप्परग्याचा तलाव म्हणतात, १८७१ पासून गाळ अडवू लागला होता, पण भीमेचा मुख्य प्रवाह मोकळा होता. आज उजनी, श्रीशैलम आणि नागार्जुनसागर या धरणांनी हे चित्र पालटले आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनीच्या जलाशयात भीमेचा गाळ साचतो, आणि कृष्णेतून समुद्रात जाणारा गाळ पूर्वीच्या मानाने अगदी थोडा उरला आहे. धरणातल्या गाळाचा विचार जिल्ह्यात होतो तो साठवणक्षमता घटण्याच्या अंगाने, आणि ते योग्यच आहे. पण त्या गाळाचा मूळचा मुक्काम कोठे होता, हा प्रश्नही त्याच हिशेबाचा भाग असायला हवा.

पश्चिम किनाऱ्याची स्थिती अगदी निराळी आहे. मुंबईसमोर भूखंडमंच जवळजवळ तीनशे किलोमीटर रुंद आहे, म्हणजे खोल पाण्याची कड कोकणच्या पारंपरिक होड्यांच्या आवाक्याबाहेर राहिली. त्यामुळे तळाशी राहणाऱ्या माशांविषयीचे कोळ्यांचे अतिशय बारीक ज्ञान पाकट, लेप, वाम, शिंगाळा अशा उथळ पाण्यातील माशांपुरते मर्यादित राहिले. अरबी समुद्रात दुसरीही एक अडचण आहे. पृष्ठभागावर वनस्पतिप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची, वाढ भरपूर होते आणि ते मरून खाली जाताना कुजतात. या क्रियेत प्राणवायू खर्च होऊन साधारण दीडशे ते बाराशे मीटरांच्या दरम्यान प्राणवायू अत्यल्प असलेला पट्टा तयार होतो. हा पट्टा जेथे उताराला टेकतो तेथे मासे विरळ होतात. आर. बी. सेमूर स्यूअल यांच्या नेतृत्वाखाली माबाहिस या इजिप्शियन जहाजाने १९३३-३४ साली अरबी समुद्रात केलेल्या जॉन मरे मोहिमेत ओमानच्या बाजूला जाळी जवळजवळ रिकामी वर आली, तेव्हा या पट्ट्याचे गांभीर्य स्पष्ट झाले. स्यूअल हे स्वतः पूर्वी इन्व्हेस्टिगेटर याच नावाच्या, १९०८ साली जुन्या जहाजाची जागा घेतलेल्या दुसऱ्या जहाजावर शल्यचिकित्सक-निसर्गवैज्ञानिक होते.

तरीही खोल तळावरच्या या कुळाचे एक नातेवाईक सोलापूरच्या बाजारात दीडशे वर्षांपासून येत असावे असे मानण्यास जागा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० साली सोलापूरला पोचली आणि पुढे मुंबईचा माल घाटावर थेट येऊ लागला. सुकट, जवळा आणि सुके बोंबील हे देशावरच्या कष्टकरी घरांतील कालवणाचे ओळखीचे पदार्थ आहेत. बोंबील हा इप्नॉपिडीच्या कुळातला नसला तरी ऑलोपिफॉर्मिस या त्याच गणातला आहे. मऊ, पाणथळ अंग, मोठे तोंड आणि अणकुचीदार दात घेऊन तो खाड्यांच्या मुखाशी, गढूळ पाण्यात, डोल जाळ्यात सापडतो. त्याच्या वंशाची खोल पाण्यातली एक जातही आहे: बंगालच्या उपसागरातून इन्व्हेस्टिगेटरने वर आणलेल्या आणि अल्कॉक यांनी १८९१ साली वर्णिलेल्या या माशाचे नाव हार्पाडॉन स्क्वामोसस असे आहे. बोंबलाच्या रूपाने या गणाची एक शाखा उथळ पाण्यातून माणसाच्या ताटापर्यंत आली, दुसरी हजारो मीटर खाली जाऊन तीन काड्यांवर उभी राहिली, आणि दोघींच्या मधली पायरीही याच उपसागरात सापडली, हे जाणकारांनीही पुरेसे लक्षात घेतलेले नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास खोल समुद्राच्या अभ्यासाचे केंद्र पुन्हा पश्चिम किनाऱ्याकडे सरकले. मुंबईत १९४६ साली सुरू झालेल्या खोल समुद्र मासेमारी केंद्रातून आजची फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था वाढली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. या संस्थेच्या गवेषणी जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळावरून बहुधात्विक खडे वर आणले. मँगेनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असलेले हे खडे तळावर लाखो वर्षांत थराथराने वाढतात. मध्य हिंदी महासागरात पाच हजार मीटरांच्या आसपास खोलीवर अशा खड्यांचे सुमारे ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र शोधकार्यासाठी भारताच्या वाट्याला आले आहे, आणि २०२१ साली केंद्र सरकारने मंजूर केलेल्या खोल महासागर मोहिमेत ते खडे काढण्याचे तंत्र विकसित करणे आणि माणसाला सहा हजार मीटर खाली नेणारी मत्स्य ६००० ही पाणबुडी बांधणे यांचा समावेश आहे.

हा उद्योग थेट या कुळाच्या वस्तीवर चालणार आहे. प्रशांत महासागरातील अशाच खड्यांच्या क्षेत्रात इप्नॉप्स वंशाचे मासे यंत्रांच्या छायाचित्रांत दिसलेले आहेत. खडे उचलणारे यंत्र तळ खरवडते आणि गाळाचे ढग उठवते; जो मासा स्वच्छ प्रवाहात अर पसरून, स्पर्शाने भक्ष्य ओळखून जगतो, त्याच्यासाठी तो ढग म्हणजे उपासमार होय. असे मासे सावकाश वाढतात आणि विरळ राहतात. त्यांची हानी झाली तर ती भरून येण्यास किती पिढ्या लागतील याचा अंदाज उद्योगाच्या वेळापत्रकात बसणारा नाही. म्हणून खाणकामाच्या परवान्याआधी त्या क्षेत्रातील तळमाशांची यादी नमुने, चित्रे आणि प्ररूपांसह पूर्ण करून ती सार्वजनिक संग्रहालयात ठेवणे ही शासनाची जबाबदारी आहे. सवडीच्या वेळात, एक वैद्य आणि दोन चित्रकार यांच्या बळावर, ५८० टनांच्या लाकडी जहाजाने जे काम सुरू केले होते, ते आज पुष्कळ मोठी साधने हाती असताना अपुरे ठेवण्याला कोणतेही समर्थन असू शकत नाही.